रघुनाथरावांच्या मोटारीचं पाणी

सौंसरच्या रघुनाथरावांची मोटार दसऱ्यापासून पाणी पिऊन राहिली होती, अन् ते पाणी जातं कुठे हे कोणालाच कळत नव्हतं. गाडीखालची फरशी कोरडी ठणठणीत. पण चार कोस गेलं की पुढून वाफ निघायची आणि गुणवंता ड्रायव्हर डबा घेऊन कोणाच्या तरी मळ्यातली विहीर शोधत पळायचा. अकरा वर्षं तो ही गाडी चालवत होता, पण अशी फजिती कधी झाली नव्हती.

रघुनाथराव कापसाचे व्यापारी. माणूस वाईट नाही हो, पण डोक्यात एकदा काही शिरलं की ब्रह्मदेव आला तरी ते निघत नसे. गळती दिसत नाही म्हणजे ती नाहीच, हा गुणवंताच पाणी भरायचा कंटाळा करतो, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्यात त्यांचा नागपूरचा जावई श्रीकांत पहिल्या दिवाळसणाला यायचा होता. याच आठवड्यात राज्यांची वाटणी झाली, सौंसर एका राज्यात राहिलं, नागपूर दुसऱ्यात गेलं, आणि बिचारा बसल्या जागी परराज्यातला झाला. संध्याकाळी त्याला पांढुर्ण्याच्या स्टेशनावरून आणायचं होतं. आज गाडी रस्त्यात उभी राहिली तर उद्यापासून नवा ड्रायव्हर, असं रघुनाथरावांनी सकाळीच सुनावलं.

गुणवंताचा जीव टांगणीला लागला. पोट कसंही भरलं असतं, पण खरं सांगायचं तर या गाडीवाचून त्याला करमलंच नसतं.

त्याने देवकाबाईंकडे, म्हणजे मालकीणबाईंकडे, मूठभर हळद मागितली. भोक बुजावं म्हणून बाकीचे ड्रायव्हर रेडिएटरच्या पाण्यात हळद टाकत. याला मात्र पाणी कोणत्या वाटेने जातं ते पाहायचं होतं. बिनरंगाचं पाणी गुपचूप निसटतं, पिवळं कुठे लपणार, असं तो म्हणाला. हळदीचं पाणी भरून त्याने इंजिन सुरू केलं आणि बॉनेट उघडं ठेवलं. रघुनाथरावही हात मागे बांधून येऊन उभे राहिले.

पाव तास काहीच नाही. मग इंजिन चांगलं तापलं, "बघ" म्हणायला रघुनाथराव वाकले, आणि पंख्याच्या वाऱ्याबरोबर बारीक पिवळे शिंतोडे त्यांच्या इस्त्रीच्या पांढऱ्या कोटावर उडाले. देवकाबाईंनी पदर तोंडाला लावला. हळद लागलेला नवरदेव त्यांना तीस वर्षांनी पुन्हा दिसला होता.

गुणवंताने इंजिन बंद केलं. तापल्या लोखंडावर पिवळे ठिपके होते. पाणी तिथे पडून जागच्या जागी वाळत होतं, मग खाली थेंब येणार कुठून? ठिपक्यांचा माग काढत तो रेडिएटरच्या जाळीपर्यंत पोचला. एका बारीक नळीला गोल भोक होतं, टोचल्यासारखं. दसऱ्याच्या हाराची सुतळी नेमकी त्याच्या शेजारून ओवलेली होती.

हार कोणी बांधला ते वाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. पूजेच्या दिवशी रघुनाथरावांनी गाडीला कोणाला हात लावू दिला नव्हता. कापसाची बोंदरी, म्हणजे गोणपाटाची पोती, शिवायचा दाभण घेऊन त्यांनी स्वतःच सुतळी जाळीत ओवली होती. आता त्यांच्याही लक्षात आलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"हार मीच ओढून बांधला असन, मालक," गुणवंता घाईघाईने म्हणाला. सणासुदीला धन्याचा पाणउतारा त्याला बघवेना.

 रघुनाथरावांनी कल्हईवाल्याला बोलावून भोकाला कथलाचा डाग देववला आणि त्याच पिवळ्या कोटात निघाले. मागे न बसता गुणवंताशेजारी बसले. पांढुर्ण्यापर्यंत वाफ निघाली नाही.

स्टेशनावर श्रीकांतने पाया पडून कोटाबद्दल विचारलं. हमाल, टांगेवाले, ओळखीचे दोन दलाल, सगळे आजूबाजूला होते. रघुनाथराव त्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"दसऱ्याले गाडीच्या पोटात दाभण मी खुपसला, जावईबापू, अन् वीस दिवस शिव्या यानं खाल्ल्या. मी चुकलो. ही गाडी आहे तोवर हाच चालवन."

गुणवंताचे डोळे भरून आले. ते कोणाला दिसू नयेत म्हणून तो पुढे जाऊन हँडल फिरवायला लागला. दहा वेळा फिरवलं तरी गाडी सुरू होईना. चावी लावायची राहिली होती, पण त्याला ते सांगायची घाई कोणीच केली नाही.