नववं बटण

आधी एक सांगून टाकते, म्हणजे मधेच कुणी हळहळायला नको. मला दिसत नाही. जन्मापासून नाही. त्याचं रडगाणं मी कधी गात नाही आणि दुसऱ्या कुणी गायलं की माझं डोकं फिरतं.

मी एका स्कॅन सेंटरमध्ये टायपिस्ट आहे. डॉक्टर पेशंटचे स्कॅन बघून रेकॉर्डरवर बोलतात, मी हेडफोन लावून ते ऐकते आणि रिपोर्ट टाइप करते. चौदा वर्षं झाली. दिवसाला चाळीस रिपोर्ट, आणि डॉक्टर सही करण्याआधी एकदा वाचतात ते केवळ वाचायला हवं म्हणून. ही नोकरी लागण्याआधी नऊ ठिकाणी मला चहा पाजून परत पाठवलं होतं. इथे पहिल्या दिवशी डॉक्टरांनी फक्त एवढंच विचारलं, "स्पेलिंग चांगलं आहे का?" त्या एका प्रश्नासाठी मी त्यांचे शंभर गुन्हे माफ करायला तयार होते. करत आलेही.

एकशेएकावा गुन्हा फोनचा.

डॉक्टर वर्षानुवर्षं एकाच कंपनीचे फोन वापरायचे. मग प्रतिस्पर्धी कंपनीचा नवा फोन आला आणि यांनी पक्ष बदलला. नव्याने पक्षात आलेला माणूस जुन्यांपेक्षा जोरात घोषणा देतो, तसं यांचं झालं. दिवसभर तेच. "अगं, इथे फोटो काढला की तिकडे कॉम्प्युटरवर आपोआप हजर! फोन आणि कॉम्प्युटर एकाच घरचे असले की असं असतं." घरी दादा एका कंपनीचा आणि वहिनी दुसऱ्या कंपनीची, जेवताना कॅमेऱ्यावरून त्यांची जुंपते, त्यामुळे हे वेड मला नवीन नव्हतं. पण दादा-वहिनींच्या भांडणात माझं टेबल कुणी हलवत नाही.

इथे हलवलं. आमच्या जुन्या कॉम्प्युटरांच्या सिस्टीमवाल्या कंपनीने त्याच सुमारास जाहीर केलं की जुन्या मशीनना यापुढे सेवा नाही, नवीन घ्या. डॉक्टरांना तेवढं निमित्त पुरलं. "घ्यायचेच तर माझ्या फोनच्या कंपनीचे घेऊ," म्हणाले. एका शनिवारी सहाच्या सहा मशीन गेल्या. माझीही गेली, आणि तिच्यासोबत आजोबा गेले.

आजोबा म्हणजे आवाज. स्क्रीनवर जे असेल ते बोलून दाखवणारा प्रोग्राम असतो, त्याचा आवाज घोगरा, म्हातारा होता म्हणून मी त्याला आजोबा म्हणायचे. त्यांना मी इतकं भरभर बोलायला लावलं होतं की रिसेप्शनवरच्या मुलीने एकदा हेडफोन कानाला लावून पाहिला आणि ओरडली, "ताई, यात माशी अडकलीये!" मला त्यातला शब्द न् शब्द कळायचा. चौदा वर्षांत कुठली किल्ली दाबली की आजोबा काय म्हणतील हे माझ्या बोटांना पाठ झालं होतं.

डॉक्टरांनी चौकशी केली नव्हती असं मी म्हणणार नाही. "नव्या सिस्टीममध्ये आवाज आतच बसवलेला आहे, मी विचारून घेतलंय," ते म्हणाले. होता. बाईचा, गोड, अगदी दूरदर्शनवर बातम्या द्यायला बसल्यासारखा. मी तिला बाईसाहेब नाव ठेवलं. किल्ल्या सगळ्या वेगळ्या, पण ते मी आठवड्यात शिकले असते. बाईसाहेबांशी माझं भांडण नाही. त्या जे लिहिलेलं असेल ते वाचतात.

लिहिलेलंच नव्हतं, ही खरी गोम. नव्या मशीनवर चालणारं रिपोर्टचं सॉफ्टवेअर एका छोट्या कंपनीकडून आणलं होतं, आणि त्यात वरच्या ओळीत सतरा बटणं होती. बटणांवर नुसती चित्रं. चित्राच्या मागे नाव लिहून ठेवायचं असतं, ते डोळ्यांना दिसत नाही, पण बाईसाहेबांना वाचता येतं. त्या शहाण्यांनी एकाही बटणाला नाव दिलं नव्हतं. मी टॅबची किल्ली दाबायची आणि बाईसाहेब गोड आवाजात म्हणायच्या, "बटण." पुढे. "बटण." पुढे. "बटण." सतरा वेळा! सतरा दारं एका रांगेत आणि एकावरही पाटी नाही.

मी सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला.

"ताई, सोप्पंय. डाव्या कोपऱ्यातल्या निळ्या चिन्हावर क्लिक करा."

"मला दिसत नाही."

"निळं चिन्ह दिसत नाही का? मग स्क्रीन थोडी मोठी करा."

मी कपाळावर हात मारून घेतला. तीनदा समजावल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि मग तो फार हळू आणि मोठ्याने बोलायला लागला, जणू मला ऐकूही येत नव्हतं. "नोंद केलीये ताई. पुढच्या व्हर्जनमध्ये बघतो." मी लेखी तक्रार पाठवली. उत्तर आलं, "अडचण नीट समजण्यासाठी कृपया स्क्रीनशॉट जोडावा." ते उत्तर मी दादाला ऐकवलं तर तो हसून हसून लोळला, आणि मग मला हसू येत नाहीये हे कळल्यावर गप्प बसला.

दिवसाला चाळीस रिपोर्ट करणारी मी बारावर आले. संध्याकाळी मान आखडायची, दात आवळून जबडा दुखायचा. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी डॉक्टर माझ्या खोलीत येऊन खुर्ची ओढून बसले. ते बसले की काहीतरी वाईट असतं, बरं असेल तर ते दारातूनच ओरडतात.

"महिनाअखेरपर्यंत बघ," ते म्हणाले. "दिवसाला तीस तरी जमायला हवेत. नाही जमलं तर टायपिंग बाहेर देऊ आणि तू रिसेप्शनला फोन घे. नोकरी जात नाहीये गं, घाबरू नकोस."

फोन घे! चौदा वर्षं शरीरातल्या प्रत्येक हाडाचं नाव अचूक लिहिल्यावर, फोन घे! मी "बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्या दिवशी मी रिसेप्शनवरच्या मुलीला बोलावलं आणि सतरा बटणं एकेक करून वाचायला लावली. प्रत्येक चित्रावर माउस नेऊन ती सांगायची आणि मी मोजायचे. पहिलं नवीन रिपोर्ट, दुसरं उघडा, तिसरं छापा, असं करत आठवं काढून टाका, नववं जतन करा.

"काढून टाकण्याच्या शेजारी जतन? हे कुणाच्या सुपीक डोक्यातून आलं?"

"चित्रं छान आहेत पण, ताई," ती बिचारी म्हणाली.

मी पाठ केलं. आंघोळ करताना, बसमध्ये, जेवताना. वहिनी म्हणाली, "झोपेत बोटं आपटत होतीस." रिपोर्ट संपला की टॅब नऊ वेळा, एंटर. मग बाईसाहेब विचारायच्या, "तुम्हाला खात्री आहे?" पुन्हा एंटर. जतन करताना खात्री, काढताना खात्री, छापताना खात्री, शब्द तेच. नऊ आणि दोन एंटर. बारावरून अठरा झाले, अठरावरून पंचवीस. पाचव्या आठवड्यातल्या मंगळवारी एकतीस! मी एकटीच खुर्चीत गोल फिरले. महिना संपायला तीन दिवस होते आणि मी जिंकले होते.

बुधवारी सकाळी मी एकोणीस रिपोर्ट केले. हात असा चालत होता की विचारू नका. साडेबाराला रिसेप्शनवरची दारात आली.

"ताई, सकाळचे रिपोर्ट कुठेत? बाहेर लोक थांबलेत."

"यादीत आहेत की."

"यादीत काहीच नाहीये."

मी यादी उघडली. बाईसाहेब म्हणाल्या, "शून्य नोंदी." मी परत विचारलं. "शून्य नोंदी."

काय झालं होतं ते रिसेप्शनवरच्या मुलीनेच स्क्रीनवर बघून सांगितलं. रात्रीतून सॉफ्टवेअर अपडेट झालं होतं. वरच्या ओळीत एक नवं बटण आलं होतं, फोनचं चित्र असलेलं, तिसऱ्या जागी. पुढची सगळी एकेक घर सरकली. माझं नववं बटण आता 'काढून टाका' होतं. एकोणीस वेळा मी नीट मोजून, खात्री देऊन, एकोणीस माणसांचे रिपोर्ट माझ्या हाताने पुसले होते.

डॉक्टरांचा आवाज रेकॉर्डरवर शाबूत होता म्हणून वाचले, सगळे पुन्हा टाइप करता आले. पण त्याला संध्याकाळ झाली. मधे एक बाई सरळ माझ्या खोलीत आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वडिलांचं ऑपरेशन होतं आणि रिपोर्ट घेऊन त्यांना चार वाजता सर्जनकडे पोहोचायचं होतं. चार वाजून गेले होते. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्हाला दिसत नाही, हे मला समजतं हो. पण मग तुम्हाला इथे का ठेवलंय?"

मी त्यांचा रिपोर्ट आधी केला, एवढंच माझ्या हातात होतं.

सगळे गेल्यावर डॉक्टर आले आणि खुर्ची ओढून बसले. "जमत नाहीये गं," ते म्हणाले, फार मऊ आवाजात. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "सोमवारपासून रिसेप्शनला बस."

"बसते," मी म्हणाले. "पण त्याआधी त्या सॉफ्टवेअरवाल्याला इथे बोलवा. समोर. आणि तुम्हीपण थांबा."

शुक्रवारी दुपारी तो आला. अंगाला मारलेल्या अत्तराचा घमघमाट त्याच्याआधी खोलीत शिरला. "ताई, फार वाईट वाटलं ऐकून," म्हणाला. मी त्याला माझ्या खुर्चीत बसवलं. खोटा रिपोर्ट आधीच टाइप करून ठेवला होता, पेशंटचं नाव 'चाचणी'. मी पुढे वाकून स्क्रीनचा दिवा बंद केला.

"अहो, स्क्रीन गेली."

"जाऊ दे. माझी रोजच गेलेली असते. हा रिपोर्ट जतन करा."

तो हसला. डॉक्टर हसले नाहीत. त्याने टॅब दाबली. "बटण," बाईसाहेब म्हणाल्या. पुन्हा दाबली. "बटण." पुन्हा. "बटण."

"हे... नावं नाही वाचत का ही?"

"तुम्ही लिहाल तेव्हा वाचेल."

"असू दे, मला पाठ आहे. मीच बनवलंय." तो मोठ्याने मोजायला लागला. सात, आठ, नऊ. एंटर. "तुम्हाला खात्री आहे?" बाईसाहेबांनी विचारलं. एंटर. "झालं जतन!"

मी दिवा लावला.

"गेला," डॉक्टर म्हणाले. "अरे, रिपोर्ट गेला."

"ते नवीन बटण विसरलो मी," तो पुटपुटला. "तिसरं. ते तुम्हीच मागितलं होतंत ना सर, रिपोर्ट एका टिचकीत तुमच्या फोनवर यावा म्हणून. त्यामुळे एक घर सरकलं."

"मी कधी मागितलं?" डॉक्टरांनी विचारलं आणि लगेच त्यांनाच आठवलं. "सोमवारी," ते म्हणाले.

सोमवारी मागितलं आणि बुधवारी सकाळी आलं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी जीभ चावली, कारण अजून एक प्रश्न उरला होता. "नावं लिहायला किती वेळ लागतो?"

"ते पुढच्या व्हर्जनमध्ये..."

"आत्ता लिही," डॉक्टर म्हणाले. "इथे बसून."

त्याने बॅगेतून लॅपटॉप काढला. किल्ल्यांचा आवाज सुरू झाला. मधे मधे तो विचारायचा, "ताई, याला 'काढून टाका' म्हणू की 'पुसा'?" मी सांगायचे. अठरा नावं. शेवटचं झालं तेव्हा रिसेप्शनवरची दारातून म्हणाली, "बावीस मिनिटं लागली." तिला कुणी वेळ बघायला सांगितलं नव्हतं.

"झालं की नाही?" डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज मोकळा झाला होता. "सोमवारपासून इथेच बस. रिसेप्शनचं विसर. आता खूश ना?"

मी खूश नव्हते. मला रडू फुटलं, आणि ते आनंदाचं नव्हतं हे मी त्यांना तिथेच सांगितलं. "पाच आठवडे, डॉक्टर. बावीस मिनिटांचं काम. मी झोपेत बोटं मोजत होते. ती बाई मला विचारून गेली, तुम्हाला इथे का ठेवलंय. तुमच्या फोनचं बटण दोन दिवसांत आलं."

सॉफ्टवेअरवाला बॅगेची चेन लावत राहिला, ती लागत नव्हती. मग डॉक्टरांनी रेकॉर्डर माझ्या टेबलावर ठेवला, नेहमी आपटतात तसा नाही, हळूच. "तीन राहिलेत आजचे," म्हणाले आणि गेले.

मी नाक पुसलं, हेडफोन लावला, पहिला रिपोर्ट टाइप केला. गुडघ्याचा होता, छोटा. शेवटी टॅब दाबत गेले. "छापा, बटण." असं करत पुढे "काढून टाका, बटण." "जतन करा, बटण." बाईसाहेबांनी इतकं स्वच्छ सांगितलं की दादाच्या छोट्या मुलालाही जमलं असतं. आणि तरी माझं बोट एंटरवर उतरेना. मी परत ओळीच्या सुरुवातीला गेले आणि पहिल्यापासून मोजत आले. दहावं होतं. मग दाबलं.