इटालियन गाडीखालचा जोड

डॉक्टरबाईंना जुन्या गाड्या जमवण्याचा नाद वडिलांकडून लागलेला. दलालाच्या शेडमध्ये दोन गाड्या विकायला होत्या, एक इंग्रजी आणि एक इटालियन. त्यांतली कोणती घ्यावी हे ठरवायला त्यांनी मिस्त्रींना सोबत नेलं. मिस्त्रींची सगळी हयात असल्या गाड्यांच्या पोटात हात घालण्यात गेलेली.

इंग्रजी गाडी थोराड होती. रंग उडालेला, सीटचं कातडं तडकलेलं. पण इंजिन आणि चॅसिसचे नंबर कागदांशी तंतोतंत जुळले. "म्हातारी झालीय, पण खोटं बोलत नाही," मिस्त्री म्हणाले.

इटालियन गाडी लालभडक, दोन सीटची. सुरू केल्यावर तिनं असा काही सूर धरला, की डॉक्टरबाईंचा चेहराच खुलला. "काका, माझं मन हिच्यावरच बसलंय."

"मन वर बसतं, गंज खाली," असं म्हणत मिस्त्री हसत गाडीखाली सरकले.

बॅटरीच्या उजेडात चॅसिसवर आडवा जोड दिसला आणि त्यांचं हसू मावळलं. बारीक, एकसारखं वेल्डिंग, टोकाशी किंचित डावीकडे वळलेलं. हा हात त्यांच्या थोरल्या भावाचा होता. तीस वर्षांपूर्वी हीच गाडी ट्रकवरून त्यांच्या गॅरेजात आली होती, तेव्हा पांढरी होती. पुढचा भाग चेपून गेलेला. मालकाची तरुण बायको त्या अपघातात गेली होती. भावानं दुसऱ्या मोडक्या गाडीचा पुढचा भाग कापून हिला जोडला आणि कुठे वाच्यता करणार नाही, असा मालकाला शब्द दिला. जोडताना चॅसिस धरून ठेवली होती ती मिस्त्रींनीच.

भाऊ जाऊन चार वर्षं झाली होती. त्याचा शब्द मोडायचा, त्याच्या नावाला बट्टा लावायचा, हे मिस्त्रींच्या जिवावर आलं. ते बराच वेळ तसेच पडून राहिले.

"काका, बरं वाटतंय ना?"

ते बाहेर आले आणि अंगावरची धूळही न झटकता म्हणाले, "बाई, ही दोन गाड्यांची एक केलेली आहे. माझ्या भावानं केलीय. मी हाताशी होतो."

दलाल एकदम उसळला. "म्हणजे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"गाडी आत्ता ओळखली. माहीत तीस वर्षं होतं."

डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "जोड पक्का आहे का?"

"कामात खोट नाही. पण वेगात कधीच दगा देणार नाही, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही."

बाईंनी इंग्रजी गाडी घेतली. दलालानं मिस्त्रींना पुन्हा बोलावलं नाही.

त्या संध्याकाळी मिस्त्रींनी वहिनींना सगळं सांगितलं. मान वर करायचा त्यांना धीर होईना. "वहिनी, दादाचा शब्द मोडला मी."

वहिनी म्हणाल्या, "शेवटच्या आजारपणात ते सारखं विचारायचे, ती पांढरी गाडी कुठे असेल, कोण चालवत असेल. तुम्हाला सांगू नको म्हणाले होते."

मिस्त्रींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वहिनी उठल्या आणि त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.