बापाकडे बघून खेळणारी

आश्लेषा चेंडू घेऊन मधल्या रेषेपलीकडे आली, क्षणभर थांबली आणि तिने पुन्हा भिंतीकडे पाहिलं. भिंतीला टेकून तिचे बाबा उभे होते. त्यांनी हनुवटी जराशी उजवीकडे हलवली, आणि मुलीने चेंडू उजवीकडे दिला. बाकावर बसलेल्या वैजयंतीने पॅडवर सातवी रेघ ओढली, बापाकडच्या दर नजरेला एक.

कार्डिफमधल्या त्या विद्यापीठाच्या मुलींच्या संघाला यंदा नवी पॉइंट गार्ड हवी होती. पॉइंट गार्ड म्हणजे चेंडू पुढे आणणारी, बाकीच्या चौघींना खेळवणारी. घरातल्या थोरल्या सुनेसारखी, सगळ्यांना वाढून मग आपण बसणारी. जागा एक, स्कॉलरशिप एक आणि चाचणीला आलेल्या मुली तीन. कोच रीअन होती, पण मुलगी पारखायचं काम ती वैजयंतीवर सोपवायची. वैजयंती आठवडाभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायची आणि शनिवारी इथे फुकट राबायची. नऊ वर्षांत तिचा शेरा एकदाही चुकला नव्हता. आज ती आश्लेषाबद्दल जे लिहील, तेच होणार होतं.

पोरगी चांगली होती, हीच तर पंचाईत होती. हात मऊ, पाय हलके, चेंडूकडे न बघता चेंडू खेळवणारी. नाव ठेवायला जागा एकच, ती म्हणजे ही बापाकडे बघण्याची खोड. वैजयंतीला ती पहिल्या दोन मिनिटांतच दिसली होती, आणि दिसल्यावर खरं सांगायचं तर बरंच वाटलं होतं.

कारण तो बाप तिला सहन होत नव्हता. स्वानंद त्याचं नाव. पहाटे लंडनच्या हाउन्सलोहून गाडी हाकत आला होता. खांद्यावर मुलीचा टॉवेल, हातात सोललेल्या संत्र्यांचा डबा. आल्या आल्या त्याने बिल्ल्यावरचं वैजयंतीचं आडनाव वाचून तिला ताई करून टाकलं, आणि न विचारता सांगूनही टाकलं, “मला कॅरमशिवाय काही येत नव्हतं हो ताई. हिच्यासाठी यूट्यूबवर बघून बास्केटबॉल शिकलो. आता ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा डोक्यात पिक अँड रोलचे डाव चालू असतात.”

वैजयंती हसली होती, पण पोटात दुखायला लागलं होतं ते तेव्हापासून.

नागपूरला ती चार वर्षं युनिव्हर्सिटीची पॉइंट गार्ड होती. सिमेंटच्या कोर्टावर गुडघे सोलून घेत खेळली. तिचे बाबा काही वाईट नव्हते. संध्याकाळी ती घामेजून घरी आली की न चुकता विचारायचे, जेवलीस का. जिंकलीस का, हे त्यांनी चार वर्षांत एकदाही विचारलं नाही. राष्ट्रीय शिबिराचं पत्र आलं तेव्हा ते वाचून त्यांनी घडी घातली आणि म्हणाले, दिवाळीत कुणी घर सोडून जातं का. शिबिर गेलं, खेळ गेला, पुढे डॉक्टर नवऱ्याबरोबर ती इकडे आली. कुणी तिच्यावर अन्याय केला, असंही म्हणता येत नव्हतं. आणि इथे हा माणूस अठरा वर्षांच्या पोरीसाठी संत्री सोलत होता. चोपन्नाव्या वर्षी एका पोरीचा असा हेवा वाटावा याची तिला लाज वाटली, पण हेवा काही लाजेने कमी होत नाही.

शेवटच्या सत्राआधी पाच मिनिटांची सुटी झाली. वैजयंती उठली आणि सरळ स्वानंदकडे गेली.

“तुमची गाडी मागच्या बाजूला आहे ना? तिथे परमिट लागतं. काढून घ्या, नाहीतर चाकाला क्लॅम्प लावून अडकवतील.”

“आत्ता? आता मेन गेम सुरू होतोय ताई.”

“दहा मिनिटांचं तर काम आहे.”

तो पळत गेला. शनिवारी तिथे परमिट लागत नाही, हे वैजयंतीला पक्कं ठाऊक होतं. नऊ वर्षं ती स्वतः तिथेच गाडी लावत होती. तिने मनाची समजूत घातली की बापाशिवाय मुलगी कशी खेळते हे बघायलाच हवं. त्यात तथ्यही होतं. पण पोरगी पडावी, ही इच्छा त्याच्याही आधीची होती.

आणि पोरगी पडली. पहिली तीन मिनिटं आश्लेषा रिकाम्या भिंतीकडे बघत राहिली. दोनदा चेंडू घालवला, एकदा आपल्याच खेळाडूवर आदळली. वैजयंतीला गार वाटलं. मग मुलीने वाकून लेस बांधली, सावकाश बांधली, आणि उठली ती भिंत विसरूनच. एका उंच पोरीने तिची वाट अडवली, तेव्हा तिने चेंडू जिथे कुणीच नव्हतं तिथे टाकला, आणि दुसऱ्या क्षणी तिथे तिची जोडीदारीण पोचलेली होती. वैजयंतीचं पेन थांबलं. असा पास तिने आयुष्यात दोनदा दिला होता. या मुलीने पुढच्या आठ मिनिटांत चारदा दिला.

आता जे पोटात उठलं, त्यापुढे मघाचं दुखणं काहीच नव्हतं. पॅडवर नऊ रेघा होत्या. ‘वडिलांवर अवलंबून, स्वतःचा निर्णय नाही’ एवढं पांढऱ्यावर काळं केलं की झालं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. रीअन शेजारी येऊन बसली आणि घ्यायची का म्हणून विचारलं. वैजयंतीने पॅडवरच्या रेघा पुन्हा एकदा मोजल्या. नमुना दुष्मनाचा असला तरी लॅबमधून रिपोर्ट खराच जातो. तीस वर्षांची सवय एका शनिवारी मोडेना. घे, तिने सांगितलं. एकटी सोडलीस तर संघ चालवेल.

स्वानंद धापा टाकत आला तेव्हा मुली एकमेकींना टाळ्या देत होत्या.

“बोर्डवर मंडे टू फ्रायडे लिहिलंय ताई,” तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती. “पण म्हटलं, तुम्ही सांगताय म्हणजे काहीतरी असेल. पार चर्चपाशी जागा मिळाली.” मग त्याने कोर्टाकडे पाहिलं. “संपलं?”

“संपलं.”

“कशी खेळली?”

वैजयंतीने त्याला सांगितलं. लेस बांधली तिथपासून, एकेक पास, हातांनी हवेत दाखवून, कोण कुठे होती आणि चेंडू कुठून गेला ते सगळं. आठ मिनिटांचा खेळ सांगायला तिला तेवढाच वेळ लागला. तो डोळे बारीक करून ऐकत होता, मध्येच हं म्हणत होता.

“मला शोधत होती का हो?” त्याने शेवटी विचारलं. “सवय आहे तिला.”

वैजयंतीने पॅड छातीशी उलटा धरला.

“हो,” ती म्हणाली. “शेवटपर्यंत.”

स्वानंदने मान डोलावली. मुलींचा घोळका हसत बाहेर निघाला, तसा तो बाजूला झाला आणि त्याने दार उघडं धरलं. आश्लेषा त्या घोळक्यातच होती, त्याच्याकडे न बघता बोलत चाललेली.