मुकादमाच्या घरचं सामान

लोकांची घरं हलवण्यात मुकादमाचा हात धरणारा कोणी नव्हता. काचेच्या बशा असोत की कुणाच्या आजेसासूचं लोखंडी कपाट, त्याच्या टेम्पोत चढलेली वस्तू जशीच्या तशी उतरायची. वेळेवर घरी पोचत नसे तो फक्त तो स्वतः. लेकीच्या मागच्या दोन्ही वाढदिवसांना तो दुसऱ्यांच्या जिन्यात सोफा धरून उभा होता. या रविवारी भिंगरी सात वर्षांची होणार होती आणि त्याने सुट्टी घेतली होती.

“मी तिला फ्रॉक घ्यायला नेते,” बायको म्हणाली. “तोवर तुम्ही बाहेरची खोली रिकामी करा. दहा पोरं येणार, नाचायला जागा हवी.”

असलं काम या माणसाला सांगायचं आणि वर दुकानात निवांत फ्रॉक बघत बसायचं, म्हणजे कमालच.

मदतीला मेहुणा आला, टेम्पो घेऊन लंबू ड्रायव्हर आला. सोफा आणि कपाट संध्याकाळपुरतं टेम्पोत ठेवायचं, एवढाच बेत. पण हात एकदा चालू लागले की तिघांनाही थांबणं ठाऊक नव्हतं. सोफ्यामागून खुर्च्या गेल्या, खुर्च्यांमागून पडदे, मग आतली खोली, मग स्वयंपाकघर. मुकादम सवयीने प्रत्येक खोक्यावर ‘नाजूक’ लिहीत सुटला. दीड तासात घर इतकं मोकळं झालं, की खोकलं तरी आवाज घुमत होता.

“केक कुठंय?” मेहुण्याने विचारलं.

“मी बांधला,” लंबू म्हणाला. “सहा पदरी गुंडाळलाय. काळजी नको.”

“कुठल्या खोक्यात?”

“नाजूक लिहिलंय बघा त्यावर.”

मुकादमाने कपाळावर हात मारला. तेवढ्यात कोपऱ्यावरून मायलेकी आल्या.

एरवी भिंगरी दोन मिनिटं एका जागी ठरत नसे. आज तिने भरलेला टेम्पो पाहिला, दारातून आत डोकावली आणि फाटकाशी राहिलेल्या एका खोक्यावर गुपचूप बसली. फ्रॉकची पिशवी तिने मांडीवर घट्ट धरली होती. वर्षभरात कुरळीसकट तिच्या तीन मैत्रिणी गाव सोडून गेल्या होत्या, आणि तिन्ही वेळा दारात हाच टेम्पो उभा होता.

“बाबा, आपण कुठे चाललोय?”

“कुठेच नाही गं.”

“कुरळीच्या वेळी तू म्हणालास, जवळच चाललेत. ती परत आलीच नाही.”

पोरीची समजूत घालायला मुकादम तसं म्हणाला होता खरा. तो तिच्यापुढे उकिडवा बसला. “तेव्हा मी खोटं बोललो,” तो म्हणाला. “आज नाही बोलत. तुम्हाला नाचायला जागा करायची होती, आणि मला थांबता येत नाही. चुकलं माझं.”

बायकोने टेम्पोत डोकावून पाहिलं. “मी एक खोली म्हणाले होते,” ती म्हणाली आणि पदराआड हसू लागली.

पाच वाजता दहा पोरं आली आणि घुमणारं घर बघून वेडी झाली. एकाने ओरडायचं, बाकीच्यांनी भिंतीचं उत्तर ऐकायचं, हाच खेळ अर्धा तास चालला. केक नवव्या खोक्यात सापडला, कुठेही न दबलेला, आणि लंबूने कॉलर ताठ केली. सुरी काही सापडली नाही. भिंगरीने केक दप्तरातल्या पट्टीने कापला आणि सगळ्यांनी हातावर घेऊन खाल्ला. नाचताना ती हसत होती, पण मधेच खिडकीशी जाऊन टेम्पो बघून यायची. मुकादमाला ते दिसत होतं. त्याने हातातला केक लंबूला देऊन टाकला.

शेवटी तो उठला. “चला, आधी सामान आत.”

“थांब,” भिंगरी म्हणाली. “पेन दे.”

खोक्यांवर दोन ओळी छापलेल्या असत, ‘कुठून’ आणि ‘कुठे’. ती टेम्पोत चढली आणि प्रत्येक खोक्यावर दोन्हीकडे एकच लिहीत गेली. कुठून, घर. कुठे, घर. मग एकेक खोकं दहा पोरांनी ढकलत आत नेलं.

मुकादमाने इतक्या वर्षांत हजारो पत्ते वाचले होते, पण या पत्त्यावर त्याचे डोळे भरून आले. त्याने शेवटचं खोकं खांद्यावर घेतलं. पुढे हात पसरून वाट मोकळी करत भिंगरी चालली होती.

“हळू आण, बाबा,” ती म्हणाली. “आपलं आहे.”