दातातली दोरी

इंझोरीत कुणाची बादली विहिरीत पडली की आधी गळ टाकत, आणि गळानं काम झालं नाही की पुंजाजीला बोलावत. पुंजाजी शेतकरी माणूस. बुडी मारणं हा काही त्याचा धंदा नव्हता. पण पाण्याखाली त्याच्याइतका दम कुणाचा टिकत नसे, म्हणून ते काम जवानीत एकदा त्याच्याकडे आलं ते कायमचंच.

त्याची बुडी मारायची एक रीत होती. कमरेला जाड दोर बांधायचा. तो वर दोन गडी धरून उभे राहत. त्याशिवाय एक बारीक सुताची दोरी असे, तिच्या टोकाला गाठ. ती गाठ दातांत धरून तो खाली जाई. त्यामुळे दोन्ही हात गाळात चाचपायला मोकळे राहत आणि काही सांगायचं झालं तर मानेनं हिसका देता येई. एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे जाड दोराला ढील द्या. तीन म्हणजे ओढा.

या बारीक दोरीचं वरचं टोक त्याची बायको रुख्मिणी धरायची. दुसऱ्या कुणाच्या हातात त्यानं ते कधी दिलं नाही.

रुख्मिणीची एक खोड होती. काही कारण नसताना ती वरून दोरीला हलकासा हिसका देई. खाली आहात ना, असं विचारल्यासारखा. मग पुंजाजीला हातातलं काम थांबवून, आहे म्हणून उलट हिसका द्यावा लागे. घरी आल्यावर तो कुरकुरत असे.

"काहून घडीघडी वढतं वं? माणसाले काम करू देशीन का नाही?"

"मले वर बसून दुसरं काय काम असते?" ती म्हणे.

पन्नाशी उलटल्यावर पुंजाजीचे दात पडायला लागले. दोन-तीन वर्षांत तोंड रिकामं झालं. हिरड्यांत दोरी धरवेना, तेव्हा बुडी मारणं बंद झालं. रुख्मिणीनं हट्ट धरून त्याला अकोल्याला नेलं. कारंज्यापर्यंत छकडा, पुढे गाडी. तिथल्या डॉक्टरनं माप घेऊन वरची आणि खालची कवळी बसवून दिली. डॉक्टरच्या आरशासमोर तो बसला असताना रुख्मिणी त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तहसीलातल्या कारकुनावानी दिसून राह्यले तुमी." मग तोंडाला पदर लावून तिनं जे हसायला सुरुवात केली ते गाडी सुटेपर्यंत.

कवळी हिरड्यांना चावत असे. लग्नकार्याला तेवढी तो ती घाली. एरवी रुख्मिणी त्याला दुधात भाकर कुस्करून देई आणि तो ते खाई.

मग एका पौषात रुख्मिणी तापानं गेली. आठवडाभरसुद्धा पडून राहिली नाही.

त्यानंतर पुंजाजी रोज कवळी घालू लागला. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला सवय झाली. तसं नव्हतं. घरात मुलगा रामधन आणि सून पंचफुला. सून सासऱ्याशी बोलत नसे, समोर आली तर पदर पुढे ओढून, मान खाली घालून. त्यांच्या घरी तशीच रीत होती. मला भाकर कुस्करून दे, असं सुनेला सांगायला पुंजाजीची जीभ वळेना. देऊ का, असं तिला विचारता येईना. ती भाकर वाढी आणि तो कवळीनं चावत बसे.

नवे पैसे चालू झाले त्या साली आखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ऐन उन्हाच्या तडाख्यात आली. रुख्मिणी गेल्यानंतरची ती पहिली आखजी. गेलेल्या माणसाच्या नावानं त्या दिवशी घरात मातीची घागर भरून मांडतात. पुंजाजीच्या घरी त्यात आणखी एक होतं. बाई गेली असली तर त्या मातीच्या घागरीत ओतायचं पाणी तिच्याच रोजच्या भांड्यानं विहिरीवरून आणायचं. त्याच्या आईनं आजीसाठी तसं केलं होतं, रुख्मिणीनं आईसाठी.

रुख्मिणीची पितळी घागर तिच्या माहेरची, कामरगावची. लग्नात आलेली. तिच्या गळ्याखाली रुख्मिणीचं नाव कोरलेलं होतं. पुंजाजीला वाचता येत नव्हतं, पण ती अक्षरं त्याला ठाऊक होती.

आखजीच्या आदल्या दिवशी सकाळी पंचफुलानं घागर चिंचेनं घासली आणि विहिरीवर नेली. पितळ ओलं, चिंचेनं गुळगुळीत झालेलं. फास बसला असं तिला वाटलं, पण बसला नव्हता. ती नुसता दोर घेऊन घरी आली.

गोठ्यात जाऊन तिनं रामधनला सांगितलं. पुंजाजी ओट्यावर बसला होता. त्याला सगळं ऐकू आलं.

"कोणती घागर?" रामधन म्हणाला.

"आत्याबाईची." सासूला ती आत्याबाई म्हणे.

पुंजाजी उठला आणि खुंटीवरचा दोर काढून विहिरीकडे चालू लागला.

वेशीजवळच्या त्या विहिरीत तेव्हा दोन पुरुष पाणी होतं. दुपारपर्यंत गळ टाकून झाला. कुणाच्या तरी जुन्या बादलीची कडी तेवढी वर आली. मागच्या साली विहीर खोल करताना सुरुंग लावले होते, त्यानं तळाला एक कपार पडली होती. घागर घरंगळून तिच्यात गेली असणार, असं सगळ्यांचं मत पडलं. पुंजाजीनं सदरा काढला.

"बाबा, राहू द्या," रामधन म्हणाला. "कारंज्याहून दुसरी आणू."

"उद्या आखजी हाय," पुंजाजी म्हणाला.

शेजारचा शालिग्राम त्याच्याच वयाचा, त्याच्याबरोबर वाढलेला. त्यानं पुंजाजीच्या तोंडाकडे बघितलं.

"अगा पुंजाजी, डॉक्टरनं कवळी रातच्यानं पाण्यात ठेवाले सांगतली होती. माणसासकट ठेव म्हणे का थो?"

"तू दोरी धर," पुंजाजी म्हणाला. "एक हिसका म्हंजे ठीक, दोन म्हंजे ढील दे, तीन म्हंजे वढा. ध्यानात राह्यते का?"

"मले दात हायेत अजून, अक्कल बी हाय."

"दात दिसून राह्यले."

जाड दोर रामधन आणि आणखी एकानं धरला. बाया पलीकडे उभ्या होत्या, त्यांच्यात पंचफुला, पदर हनुवटीपर्यंत. पुंजाजीनं गाठ तोंडात घेतली, दात मिटले आणि पायऱ्या उतरून पाण्यात शिरला.

पाणी थंड होतं. हातभर खाली गेल्यावर काही दिसेना. कानांत दडे बसले. ते सगळं त्याच्या ओळखीचं होतं, नवीन होती ती कवळी. कडेनं पाणी आत शिरे आणि वरची कवळी टाळूपासून सुटायला बघे. तो जिभेनं ती वर दाबत होता. पूर्वी खाली गेल्यावर तोंडाचा विचार कधी करावा लागला नव्हता.

तो तळाला पोचला. गाळ, मग दगड, मग कपारीची कड. त्यानं उजवा हात आत घातला, मग खांदा. बोटांना घागरीचा काठ लागला. धरून ओढावं म्हटलं तर घागर आडवी अडकलेली. आणखी आत सरकावं तर कमरेचा दोर दगडाच्या खोबणीत सापडून ताठ झाला होता. त्याला ढील पाहिजे होती. त्यानं मानेनं दोन हिसके दिले.

ढील आली नाही. बारीक दोरी मात्र वरून जोरात ओढली गेली. गाठ वरच्या दातांच्या मागे अडकली आणि कवळी तोंडातून निघून गेली. तोंडात पाणी भरलं.

वर काय झालं ते त्याला मागाहून समजलं. हिसके बसल्याबरोबर शालिग्राम सांगितलेलं सगळं विसरला. बैल उधळला की कासरा ओढतात तशी त्याच्या हातांनी दोरी ओढली. दोरी हलकी हलकी होत वर आली, आणि टोकाला गाठीत अडकलेले दात. पुंजाजी नाही, नुसते दात.

शालिग्रामनं ते दात तळहातावर घेतले. "गेला," तो म्हणाला. "पुंजाजी गेला. दात आले फकस्त."

रामधन आणि तो दुसरा गडी जाड दोर ओढू लागले. दोर हलेना तसे आणखी दोघं लागले. ते जितकं ओढत तितका पुंजाजी खाली दगडाला दाबला जात होता.

तेव्हा पंचफुला बायांतून पुढे आली.

"वढू नोका," ती म्हणाली. "सोडा दोर."

कुणी ऐकलं नाही. तिनं रामधनचं मनगट धरलं.

"मामाजीनं दोनदा हिसका देला. ढील मांगून राह्यले थे. म्या पाह्यलं दोरीकडे. सोडा म्हणते ना."

रामधननं हात सोडले. बाकीच्यांनीही सोडले. दोर सैल पडला आणि थोड्या वेळानं पुंजाजीचं डोकं पाण्याबाहेर आलं.

पायरीला धरून तो खोकत राहिला. मग त्याला वर घेतलं. रामधननं अंगावर धोतर टाकलं. पुंजाजीनं तोंडात बोट घालून बघितलं. खालची कवळीही नव्हती. खोकताना केव्हातरी पडली असावी.

"वरची हाय माह्यापाशी," शालिग्राम म्हणाला. त्यानं ती पंच्यात धरली होती. "खालची तळालेच. आता इहीर चावीन बाया-पोरीले."

"ढील कोणं देली?" पुंजाजीनं विचारलं. दात नसल्यानं शब्द फुसकन निघाले.

"तुह्या सुनेनं. पयल्यांदा आवाज ऐकला म्या तिचा. चांगला जोराचा हाय."

पुंजाजी जमिनीकडे बघत रामधनला म्हणाला, "इचार तिले, दोरीवरून तिले कसं समजलं."

पंचफुला दोन हात अंतरावर उभी होती. ती शालिग्रामला म्हणाली, "काका, मामाजीले सांगा, आत्याबाई मले जवळ बसवत. दोरी माह्या हातात देत अन् आपला हात वरून ठेवत. म्हणत, म्या नसली तं तुले धरा लागीन."

हे पुंजाजीला ठाऊक नव्हतं. लग्न होऊन पंचफुला घरात आली त्यानंतर तो चार-पाच वेळाच खाली गेला होता. पाण्यातून डोकं काढलं की त्याला काठावर रुख्मिणी दिसे. तिच्या बाजूला कोण बसलं आहे ते त्यानं कधी बघितलं नव्हतं.

रामधन दोन्ही दोर गुंडाळायला लागला. पुंजाजीनं त्याच्या हातून बारीक दोरी घेतली. सुनेच्या हातात ती द्यायची तर रीत आड येत होती. त्यानं दोरीचं एक टोक दोघांच्या मधल्या दगडावर ठेवलं आणि दुसरं आपल्याकडे घेतलं.

पंचफुलानं दगडावरचं टोक उचललं.

"काका," ती म्हणाली, "मामाजीले म्हणा, गाठ पायाच्या अंगठ्याले बांधा. मुंडकं कपारीत गेलं तरी पाय मोकळेच राह्यतात."

"थो काय बहिरा हाय?" शालिग्राम म्हणाला. "दात गेले त्याचे, कान हायेत."

बाया हसल्या. पुंजाजीनं दोरी अंगठ्याला बांधली.

या खेपेला तो लवकर तळाला पोचला. तोंड मिटलेलं, आत काही सांभाळायचं नव्हतं. कपार सापडली. तो खांद्यापर्यंत आत गेला, घागरीच्या काठाला बोटं लावली, आणि तेवढ्यात अंगठ्याला एक हलकासा हिसका बसला.

ढिलाचा नाही, ओढायचा नाही. उगाच दिलेला.

पुंजाजी थांबला. हात घागरीवर होता तिथंच राहिला. छातीत दम थोडाच होता, पण तो हलला नाही. परत हिसका बसला. मग त्यानं पाय एकदा ओढून सांगितलं, आहे.

नंतर त्यानं घागर फिरवली. गळ्याखाली अंगठा फिरवला, अक्षरं लागली. दोन हिसके दिले आणि ढील आली. घागर कपारीतून सुटली. तीन हिसके दिले.

घागरीला एका बाजूनं पोचा आला होता. दुसऱ्या दिवशी पंचफुलानं तीच विहिरीवर नेली आणि पाणी आणून मातीच्या घागरीत ओतलं. रामधननं वर आंबा ठेवला. पुंजाजीनं हात जोडले.

वरची कवळी वाटीतल्या पाण्यात, कोनाड्यात होती. खालच्या दातांशिवाय तिचा काही उपयोग नव्हता. पुंजाजी जेवायला बसला. त्याच्यासमोर ताटाऐवजी वाडगा आला. दुधात कुस्करलेली भाकर, वर चिमूटभर मीठ, रुख्मिणी टाकायची तसं. पंचफुला वाडगा ठेवून दाराआड गेली.

पुंजाजीनं दोन घास खाल्ले. मग दाराकडे न बघता तो म्हणाला, "काल घडीघडी काहून वढत होती? माणसाले काम करू द्यावं."

रामधननं मान वर केली. बाप सुनेशी बोलत होता, मध्ये कुणाला न घेता.

दाराआडून आवाज आला. "तुमी लवकर जबाब नाही देला."

ते खरं होतं. पुंजाजीनं वाडगा उचलून तोंडाला लावला.