सेनापतीची बैठक

डॉ. पियन यांनी तीन महिन्यांच्या थेसानचा तळपाय अंगठ्याने हळूच वर दाबला. पाऊल थोडंसं वाकलं आणि अडलं. त्यांनी जरा वाट पाहिली, पुन्हा दाबलं. पुन्हा तिथेच अडलं.

"उलटा रेटा देतोय बघा," तपासणीच्या टेबलाशी उभा असलेला त्याचा आजोबा, ओक पिलग्यू, म्हणाला. "सेनापती आहे आमचा."

त्यांच्या बेटावर दणकट मुलग्याला सेनापतीच म्हणतात. इतर आजोबा तो शब्द ऐकून नुसते हसतात. पिलग्यू त्यात भर घालत असे. त्याच्या गोष्टीत तरुणपणी त्याची होडी ओढत नेणारा ऑक्टोपस दर हिवाळ्यात हातभर वाढायचा, आणि त्या मापाला गावात कोणी हरकत घेत नसे. नातवाच्या बाबतीत तर भर घालायची गरजच पडली नव्हती. बाळाला तळहातावर उभं तोलून 'सॉम्मा, सॉम्मा', म्हणजे 'उभा राहा, उभा राहा', म्हणायचा खेळ इतर घरांत बाळ चांगलं बसू लागल्यावर खेळतात. थेसानची मान अजून डुलत होती, पण पाय खांबासारखे उभे राहत. लसणाच्या शेतातल्या बायकांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. शंभराव्या दिवसाच्या जेवणाला तो सगळ्यांसमोर उभा राहणार, अशी पिलग्यूने दवंडी पिटली होती, आणि ते जेवण परवावर आलं होतं.

"जन्मल्यावर रडायला वेळ लागला होता, नाही का?" डॉक्टरांनी सुनेला विचारलं.

नारेने होकारार्थी मान डोलावली.

"मुठी उघडतो?"

"क्वचित. अंगठा आतच असतो. लंगोट बदलताना मांड्या फाकत नाहीत, ओढाव्या लागतात."

पिलग्यू तिच्याकडे वळला. "हे घरी कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही गोष्ट सांगत होता, मामंजी."

डॉक्टरांनी बाळाचे दोन्ही हात धरून त्याला आपल्याकडे ओढलं. या वयाचं बाळ ओढल्यावर कमरेत वाकतं, पाठीचा बाक होतो. थेसान वाकलाच नाही. फळीसारखा सरळ वर आला आणि चवड्यांवर उभा राहिला, एक पाय दुसऱ्यावर, कात्रीसारखा.

पिलग्यूचे हात टाळीसाठी उचलले गेले आणि मध्येच थांबले. डॉक्टर त्या पायांकडेच बघत होत्या.

"हे बळ नाही, आजोबा. त्याचे स्नायू सैल पडत नाहीयेत. त्याला उभं राहता येतंय असं नाही; वाकणं जमत नाहीये."

"म्हणजे आजार कोणता?"

"नाव आज देणार नाही. मेंदूचं चित्र काढू, महिन्याभराने मी पुन्हा हात लावून बघेन. कमी होईल, कदाचित राहील. व्यायाम मात्र आजपासून. आणि तळहातावर उभं करणं बंद."

"शंभराव्या दिवसापुरतं एकदा—"

"एकदाही नाही. जितकं उभं कराल तितका तो ताठ व्हायला शिकेल. आधी त्याला बसायचं शिकवू."

मग त्यांनी धरायची रीत दाखवली: बाळाची पाठ आपल्या छातीला, गुडघे आणि कंबर दुमडलेली, हात मांड्यांखाली. मूठ उघडायची तर बोटं ओढायची नाहीत; करंगळीच्या कडेने हळू बोट फिरवायचं. पिलग्यूने फिरवलं. मूठ आणखी आवळली गेली.

"जोर नको. फिरवा आणि थांबा."

"मी थांबायचं! ऐकलंस, सूनबाई?"

नारे हसली, आणि मग बराच वेळ नाक पुसत राहिली.

शंभराव्या दिवशी तांदळाचा पांढरा उकडलेला केक घरोघर वाटून झाला, तसे लोक खोलीत दाटीवाटीने बसले. थेसानचा बाप जहाजाच्या कारखान्यातून सुट्टी मिळवून आला होता आणि कोपऱ्यात बसला होता. पिलग्यूचा लहानपणापासूनचा मित्र दोकसू मुद्दाम चष्मा लावून आला होता.

"पिलग्या, काचा पुसून आलोय. कर की उभा तुझा सेनापती! का त्यालाही ऑक्टोपसने नेलं?"

खोली हसली. नारेचा डाव समुद्री शेवाळाच्या सुपात तसाच राहिला.

पिलग्यूने मांडी घातली. थेसानची पाठ छातीशी घेतली, दोन्ही गुडघे दुमडले आणि त्यांच्याखालून हात घातला.

"दोकसू, सैन्यात तू कोण होतास?"

"स्वयंपाकी. का?"

"तरीच तुला ठाऊक नाही. सेनापती समोर आला की उभं कोण राहतं? तो, का तुम्ही?"

दोकसूने चष्मा नाकावर वर सरकवला.

"सेनापती बसतो," पिलग्यू म्हणाला. "उठा!"

आधी दोकसूच उठला, गुडघे कडकड वाजवत, हातात केकची बशी घेऊन. त्याने सलाम ठोकला. मग बायका उठल्या, तोंडावर हात ठेवून खिदळत. थेसानचा बाप उठला. शेवटी डाव हातात घेऊन नारेही उठली.

पिलग्यू वर बघत नव्हता. तो नातवाच्या मुठीवर झुकला होता. करंगळीच्या कडेने त्याने बोट फिरवलं, थांबला. पुन्हा फिरवलं, थांबला.

आता बसा, असं म्हणायचं त्याला सुचलंच नाही. लोक उभेच होते.