तळघरातली तोफ

सैदा शहरातल्या आमच्या संगणकवर्गाला एकही खिडकी नव्हती. रमजानात संध्याकाळची तुकडी त्या तळघरात बसायची. ना अजान ऐकू यायची, ना रोजा सोडायची वेळ सांगणारी तोफ. सारखं कुणीतरी जिना चढून बघून यायचं. माझी बाकावरची शेजारीण रूला झातारी या वरखालीला वैतागली. तिनं एक छोटा प्रोग्राम लिहिला: सूर्य मावळला की पडद्यावर तोफ यावी आणि धडाडावी. काय पोरगी होती! अजून आठवली की जीव हरखतो.

तोफ आली. पण सगळे संगणक एकमेकांना जोडलेले, त्यामुळे वरच्या कचेरीतही आली. गुण टाइप करत बसलेल्या अफाफबाई किंचाळल्या. आमचे शिक्षक वजीह उस्ताद धावत खाली आले आणि त्यांनी मेन स्विचच बंद केला.

"हॅकिंग! कुणाचा हा उद्योग?"

"माझा, उस्ताद. पण ती नुसती तोफ आहे हो."

"आज तोफ, उद्या निकाल बदलशील!"

दुसऱ्या दिवशी मावळतीच्या सुमारास वरच्या कचेरीत संचालकांपुढे तिचं नाव काढून टाकायचं ठरणार होतं. एकदा घरी बसली की वडील पुन्हा शिकू देणार नव्हते. साक्षीला मी गेले.

"काय केलंस ते दाखव, पोरी," संचालक हाज राशिद म्हणाले.

रूलानं प्रोग्राम चालू केला. उस्तादांची सरबत्ती चालूच होती, आणि मध्येच तोफ धडाडली. हाजसाहेबांचा हात आपसूक उठला. बिस्मिल्ला म्हणून त्यांनी रोजा सोडायला ठेवलेल्या बशीतला खजूर तोंडात टाकला.

बाहेर मात्र सगळं शांत. संगणकाचं घड्याळ पुढे होतं.

"हाजसाहेब, तुमचा रोजा!" उस्ताद ओरडले. "बघितलंत हिचे प्रताप?"

हाजसाहेबांनी घास रुमालात काढला आणि बशी बाजूला सारली. थोड्या वेळानं खिडकीतून खरी अजान आली, तेव्हा ते उस्तादांकडे वळले.

"वजीह, घरात चोर शिरला तर मी बिस्मिल्ला म्हणून जेवायला बसेन का रे? पोरीनं जेवायला हाक मारली. जरा लवकर मारली, एवढंच."

रूला हुंदके द्यायला लागली. "माझ्यामुळे तुमचा रोजा मोडला."

"ईदनंतर भरून काढीन. तू उद्या वर्गात ये."

ईदनंतर त्यांनी तो रोजा धरला. रूलानंही धरला, तिचा एकही चुकला नव्हता तरी. संध्याकाळी मसुराच्या सुपाचा डबा घेऊन ती त्यांच्यासमोर बसली, आणि अजान कानावर येईपर्यंत तिनं झाकणावरचा हात काढला नाही.